आईला मिळणारी गोळी शेजारच्या मावशींना का मिळू नये?

बकुळफूल (धागाकर्ती)

माझे वडील नौदलातून निवृत्त झाले होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासोबत ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे कार्डही आहे. आईला मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. दर महिन्याला ती या योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाते, डॉक्टर तिला तपासतात आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या तिथेच हातात मिळतात. गेल्या वर्षी तिच्या हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे आढळले, तेव्हा पॉलिक्लिनिकने उपनगरातल्या एका मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तिथे अँजिओप्लास्टी झाली आणि आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही.

आम्ही विक्रोळीला कन्नमवारनगरात राहतो. आमच्याच मजल्यावर शेजारी ज्या मावशी राहतात, त्या आईहून दोन वर्षांनी लहान, म्हणजे चौसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांनाही हेच दोन आजार आहेत. काका साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर काम करतात. गाळ्यात एकूण सात कामगार असल्यामुळे तिथे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, लागू नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्यांचे कुटुंब बसते, त्यामुळे उद्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर आधार आहे. पण रोजची गोळी त्यांना दुकानातूनच विकत घ्यावी लागते. मागच्या आठवड्यात मी भाजी द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या ताटाशेजारी अर्धी मोडलेली गोळी दिसली. महिनाअखेर आली की त्या गोळीचे दोन तुकडे करतात आणि ती दोन दिवस पुरवतात, असे त्यांनी अगदी सहज सांगितले.

आईला जे मिळते, ते कमी व्हावे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, सरकारने पूर्ण उपचाराची हमी गणवेशात सेवा केलेल्यांच्या कुटुंबांपुरतीच द्यावी, की एका नौसैनिकाच्या विधवेला जे मिळते, ते लेथ चालवणाऱ्याच्या बायकोलाही मिळावे? इथे फौजेतले सदस्य आहेत, डॉक्टर आहेत, कामगार चळवळीतले लोक आहेत. प्रत्येकाने आपल्या अनुभवातून लिहावे, ही विनंती.

दर्यावर्दी

बकुळताई, आपल्या वडिलांच्या स्मृतीला माझे वंदन. मी स्वतः चोवीस वर्षे नौदलात होतो आणि त्यातली बरीचशी इंजिनखोलीत गेली. आज माझ्या डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. ही योजना खैरात नाही. ती १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. त्याआधी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयात जागा असली तरच उपचार मिळत असत, आणि गावाकडे राहणाऱ्याच्या हाती तेही लागत नसे. योजनेत येताना बहुतेकजण वर्गणी भरतात. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांप्रमाणे हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना ३०,००० रुपये, नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये एकरकमी द्यावे लागतात. मी २०१९ मध्ये चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो, तेव्हा माझ्याकडून ६७,००० घेतले गेले.

दुसरी गोष्ट अशी की, या सुविधेमागे एक जुना करार आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला आणि मी त्या वेळी अरबी समुद्रात होतो. मला तिची बातमी अकरा दिवसांनी कळली, तोवर कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ती बरी होऊन घरीही गेली होती. आपल्यामागे आपल्या घरच्यांना कोणीतरी पाहील, एवढा भरवसा नसेल तर माणूस बोटीवर मन लावून काम करूच शकत नाही. म्हणून सैनिकाच्या कुटुंबाचा उपचार हा त्याच्या पगाराचाच भाग मानला पाहिजे. इतरांना मिळू नये असे माझे म्हणणे नाही. परंतु दोन्ही गोष्टी एका पारड्यात तोलू नयेत.

लालबागकर

दर्यावर्दी साहेबांचा आदर राखून माझे वेगळे मत मांडतो. उपचार हा पगाराचा भाग मानला की पगारासोबत उपचारही जातो, आणि हे आमच्या घराने भोगले आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. ईएसआयचे कार्ड होते. आईचे बाळंतपण आणि माझ्या धाकट्या भावाचे हाड मोडले तेव्हाचे प्लास्टर, हे सगळे त्याच कार्डावर झाले आणि परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात आम्हाला कधी परकेपणा वाटला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली तेव्हा त्यांना कामावर घेतले नाही. वर्गणी थांबली, काही महिन्यांनी कार्डही निरुपयोगी झाले. छातीत वर्षानुवर्षे साठलेला कापसाचा तूस मात्र संपासोबत गेला नाही. ज्या कामाने फुप्फुस खराब झाले, त्या कामाने दिलेला उपचार ऐन गरजेच्या वेळी काढून घेतला.

आजही ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे आणि ती २०१७ पासून बदललेली नाही. मुंबईत एका कामगाराचा पगार २१,५०० झाला की तो श्रीमंत झाला, असे कायद्याला वाटते. बकुळताईंच्या शेजारच्या काकांसारखे दहापेक्षा कमी माणसांच्या गाळ्यात राबणारे तर मोजदादीतच नाहीत. म्हणून माझे ठाम मत आहे की उपचार नोकरीला बांधू नये, माणसाला बांधावा.

सातारी कंदी

आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक माणूस फौजेत आहे. माझे आजोळ तिकडचेच आहे. अशा गावात एकाच वाड्यात एक भाऊ माजी सैनिक आणि दुसरा शेतकरी असतो. एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया विनामूल्य होते आणि दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी म्हैस विकली जाते. फौजी भावाला त्याचे वाईट वाटत नाही असे कोणी समजू नये.

आकडेमोड

चर्चेला थोडा आकड्यांचा आधार देतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे यात शंका नाही, तरीही शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस स्वतःच मोजतो आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आयुष्मान भारतची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली जनआरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना पाच लाखांपर्यंत लागू करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे कागदावर पाहिले तर ‘सर्वांसाठी’ ही गोष्ट आपल्या राज्यात मान्य झालेली आहे. फरक आहे तो आत काय मिळते याचा. या दोन्ही योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरलेल्या उपचारांवर आहे. ईसीएचएसमध्ये मात्र बाह्यरुग्ण तपासणी, रक्ताच्या चाचण्या आणि दीर्घ आजाराची औषधे हेही येते. बकुळताईंनी जी अर्धी मोडलेली गोळी पाहिली, ती नेमकी या दोहोंच्या मधल्या फटीत पडलेली आहे.

बकुळफूल

आकडेमोड, आपण माझ्या मनातली गोष्ट माझ्यापेक्षा नेमकी सांगितलीत. मावशींचे मूत्रपिंड निकामी झाले, तर डायलिसिससाठी योजना धावून येईल. ते निकामी होऊ नये म्हणून जी गोळी रोज लागते, ती मात्र योजनेत नाही.

स्पष्टवक्ता

सर्वांच्या भावनांचा आदर आहे, परंतु एक अप्रिय गोष्ट कोणीतरी लिहिली पाहिजे. जी योजना मर्यादित लोकांसाठी आहे, ती सुद्धा नीट चालत नाही. माझ्या सासऱ्यांकडे ईसीएचएसचे कार्ड आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला तेव्हा यादीतल्या एका खाजगी रुग्णालयाने आधी अनामत रक्कम मागितली, कारण सरकारकडून त्यांची बिले थकली होती. दुसऱ्या रुग्णालयाने खाट नाही म्हणून सांगितले. शेवटी तिसरीकडे दाखल केले आणि त्यात चार तास गेले. आज त्यांचा उजवा हात उचलत नाही.

आता हाच कारभार सर्व जनतेसाठी केला, तर रुग्णालयांची बिले आणखी थकतील आणि आज ज्यांना थोडेफार मिळते, त्यांचेही जाईल. आधी सैनिकांसाठी दिलेला शब्द पूर्ण पाळावा, मग पुढचे बोलावे, असे मला वाटते. मी आयकर भरतो आणि तो सैनिकाच्या उपचाराला गेला तर मला आनंद आहे. मात्र ज्याची फळे कोणालाच मिळणार नाहीत अशा मोठ्या घोषणेसाठी तो जाऊ नये.

केसपेपर

मी बारा वर्षे महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात काम केले आहे आणि सध्या खाजगी व्यवसाय करतो. स्पष्टवक्ता यांच्या सासऱ्यांबाबत जे घडले, ते वाचून वाईट वाटले. पक्षाघातात पहिले चार-साडेचार तास सोन्यासारखे असतात, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे तेवढ्याच अवधीत देता येते. पण त्यांनी या अनुभवातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

विमा आणि उपचारव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण धाग्याच्या सुरुवातीपासून त्यांची गल्लत करत आहोत. कार्ड हे पैसे देण्याचे वचन आहे. कार्डाने खाट निर्माण होत नाही, परिचारिका निर्माण होत नाही आणि रात्री दोन वाजता सीटी स्कॅन करणारा तंत्रज्ञही निर्माण होत नाही. दर्यावर्दी साहेबांच्या मुलीचा न्यूमोनिया बरा झाला, तो विम्यामुळे नाही. अश्विनीसारखे सरकारचे स्वतःचे रुग्णालय होते, तिथे पगारी डॉक्टर होते, औषधांचा साठा होता आणि त्या डॉक्टरला ती मुलगी दाखल केली काय किंवा घरी पाठवली काय, एका पैशाचाही फरक पडत नव्हता. स्पष्टवक्ता यांचे सासरे अडकले ते मात्र योजनेच्या दुसऱ्या भागात, जिथे सरकार खाजगी रुग्णालयाकडून उपचार विकत घेते. एकाच योजनेतली ही दोन चित्रे आहेत आणि त्यांतले कोणते सर्वांना द्यायचे, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व स्पष्टपणे मांडलेले आहे. त्या समितीने विम्याची कार्डे सुचवली नव्हती. तिने गावपातळीवरच्या आरोग्यकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत एक उतरंड आखली होती. स्वतंत्र भारताने ती उतरंड नागरिकांसाठी अर्धवट बांधली आणि सैनिकांसाठी बरीचशी पूर्ण केली. त्यामुळे सैनिकी व्यवस्था हा अपवाद नसून, जे सगळ्यांसाठी व्हायचे होते त्याचा तो झालेला भाग आहे, असे मला वाटते.

तारांगण

केसपेपर डॉक्टर, सहमत आहे. मुंबईत ही उतरंड काही प्रमाणात आहेच की. केईएम, नायर, शीव, कूपर ही रुग्णालये आहेत, प्रसूतिगृहे आहेत, महापालिकेचे दवाखाने आहेत आणि २०२२ पासून ‘आपला दवाखाना’ही सुरू झाला आहे. बकुळताईंच्या मावशी तिथे का जात नाहीत?

बकुळफूल

तारांगण, हाच प्रश्न मीही त्यांना विचारला. दोन वर्षांपूर्वी त्या एका दवाखान्यात गेल्या होत्या. तिथे दोन गोळ्यांपैकी एक संपलेली होती आणि ती बाहेरून आणायला सांगितले. मावशी सकाळी दोन घरी पोळ्या लाटायला जातात. रांगेसाठी एक सकाळ गेली तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात, म्हणून त्यांनी पुन्हा जायचे सोडून दिले.

दूरदेशी

मी गेली अठरा वर्षे अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये राहते आणि माझ्या चुलत बहिणीचे यजमान तिथल्या नौदलात आहेत. इकडे हाच वाद अनेक वर्षे चालू आहे, म्हणून लिहिते.

इथे सेवेतील सैनिकांच्या आणि निवृत्तांच्या कुटुंबांसाठी ‘ट्रायकेअर’ नावाची सरकारी योजना आहे. निवृत्तीनंतर ती मिळण्यासाठी साधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते. त्याशिवाय माजी सैनिकांसाठी एका वेगळ्या खात्याची स्वतःची दीडशेहून अधिक रुग्णालये आहेत. पासष्ट वर्षांवरच्या सर्व नागरिकांसाठी १९६५ च्या कायद्याने आलेली ‘मेडिकेअर’ आहे. मधल्या वयाचा साधा नोकरदार मात्र मालकाने दिलेल्या विम्यावर अवलंबून असतो आणि नोकरी गेली की त्याची अवस्था लालबागकरांच्या वडिलांसारखी होते.

२०१० मध्ये इथे आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला. त्यावरच्या वादात सैनिकांच्या कुटुंबांचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जात असे. एक बाजू म्हणत असे की सरकार चालवते ती योजना सैनिकांना चालते, तर ती सर्वांना का चालू नये. दुसरी बाजू म्हणत असे की सैनिकांनी ती कमावलेली आहे. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. त्या कायद्याने मुलांना सव्विसाव्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहण्याची मुभा दिली, पण ती तरतूद ट्रायकेअरला लागू नव्हती. सैनिकांच्या मुलांसाठी पुढच्या वर्षी वेगळी सोय करावी लागली आणि तिचा हप्ता वेगळा भरावा लागतो. म्हणजे सर्वांसाठी काही चांगले घडले, तेव्हा स्वतंत्र कप्प्यात असलेले सैनिकच मागे राहिले. वेगळी व्यवस्था नेहमी वरचढच असेल, असे धरून चालू नये.

लालबागकर

दूरदेशीताई, ही माहिती नवीन होती. सैनिकांचा कप्पा वेगळा ठेवण्यात त्यांचेही नुकसान होऊ शकते, हा मुद्दा मला सुचला नव्हता.

रणरागिणी_मालाड

माझा एक प्रश्न आहे आणि तो मी फार जड मनाने विचारत आहे. माझा मुलगा अग्निवीर आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले. सध्या तो जिथे आहे, तिथे हिवाळ्यात पाणी गोठते. नोकरीत असेपर्यंत त्याला लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. चार वर्षांनंतर जे पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले कायम होतील, त्यांत तो नसला तर त्याला निवृत्तिवेतन नाही आणि ईसीएचएसही नाही.

इथे सगळे सैनिकांची कुटुंबे म्हणून बोलत आहेत. मग मी त्यात येते का? त्याच बर्फात, त्याच पहाऱ्यावर, त्याच बंदुकीने उभा राहिलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी घरी येईल आणि त्याच्या पाठीचे दुखणे पस्तिसाव्या वर्षी वर येईल, तेव्हा तो सैनिक असेल की सर्वसामान्य?

दर्यावर्दी

रणरागिणीताई, आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा आम्हा माजी सैनिकांच्या बैठकीत चार वर्षांच्या शेवटी एकरकमी मिळणाऱ्या सेवानिधीच्या साधारण ११.७१ लाख रुपयांवर पुष्कळ चर्चा झाली. उपचारांवर फारशी झाली नाही, हे मी कबूल करतो. मी वर लिहिले होते की सैनिकाचा उपचार हा एका कराराचा भाग आहे. तो करार आपल्या मुलाशी चार वर्षांचाच झाला आहे, आणि शरीराची झीज करारपत्र पाहून थांबत नाही. माझा कान सेवेच्या सोळाव्या वर्षी गेला असे कागद म्हणतात, पण त्याची सुरुवात पहिल्या दोन वर्षांत झाली होती, कारण त्या काळी आम्ही कानाला संरक्षण न लावताच इंजिनाजवळ उभे राहत असू.

म्हणून मी माझे मत थोडे बदलतो. सेवेमुळे झालेल्या इजेची जबाबदारी सरकारने आयुष्यभर घ्यावी, मग सेवा चार वर्षांची असो की चोवीस. हा सैनिकाचा विशेष हक्क आहे आणि तो वेगळाच राहिला पाहिजे. पण माझ्या पत्नीचा मधुमेह, माझा वाढता रक्तदाब, यांचा माझ्या सेवेशी काही संबंध नाही. ते आजार बकुळताईंच्या मावशींचेही आहेत. या आजारांसाठी मला वेगळी रांग का असावी, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

समिधा

मी आजवर इथे फक्त वाचत होते. दर्यावर्दी काकांचा हा प्रतिसाद वाचून लिहावेसे वाटले.

माझे बाबा मुंबईत मलवाहिन्या साफ करणाऱ्या कंत्राटदाराकडे कामाला होते. माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ते उतरत होते. त्यांना कावीळ झाली, त्वचेचे आजार झाले, दमा झाला. शहर चालावे म्हणून त्यांनी अंग झिजवले, पण ते कायम कर्मचारी नसल्यामुळे कायम सफाई कामगारांना मिळणारे त्यांना काहीही मिळाले नाही. गटारात मृत्यू आला तर भरपाई तीस लाख रुपये द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. बाबा गटारात गेले नाहीत. ते घरी, अकरा वर्षे खोकत गेले.

सैनिकाचा मान मोठा आहे आणि तो तसाच राहावा. परंतु जोखमीच्या मोजमापावर उपचार द्यायचे ठरले तर ती यादी कुठे थांबवायची, हे मला कोणीतरी सांगावे. आगीत शिरणारे अग्निशमन दलाचे जवान, वीजवाहिनीवर चढणारे, समुद्रात जाणारे कोळी बांधव, सगळेच त्या यादीत येतील. प्रत्येकाची पात्रता ठरवत बसण्यापेक्षा आजारी आहे एवढीच पात्रता पुरेशी का मानू नये?

स्पष्टवक्ता

समिधाताई, आपल्या बाबांविषयी वाचून मन हेलावले. मी माझा विरोध पूर्ण मागे घेत नाही. पैसा कुठून येणार आणि थकबाकी कोण देणार, हे प्रश्न तसेच आहेत. शिवाय मुंबईच्या रुग्णालयांवर राज्यातून आणि परप्रांतांतून येणाऱ्या रुग्णांचा भार आहेच. सर्वांना खुले म्हटले की मुंबईकराची खाट आणखी लांब जाईल, ही भीती खोटी नाही.

केसपेपर

स्पष्टवक्ता, खाटांच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ही तक्रार मी वॉर्डात रोज ऐकत असे. बुलढाण्याचा रुग्ण परळला येतो, तो हौसेने येत नाही. टाटा रुग्णालयासमोरच्या पदपथावर मुलाला मांडीवर घेऊन झोपलेल्या आईला आपल्या जिल्ह्यात तेच उपचार मिळाले असते तर ती तिथे कशाला झोपली असती? मुंबईची खाट मोकळी व्हायची असेल, तर बुलढाण्याला खाट हवी.

आणि रुग्णाला परत पाठवण्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. कलकत्त्याजवळ रेल्वेगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही किंवा सोय नाही म्हणून परत पाठवले आणि अखेर त्याला खाजगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात निकाल दिला की वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्या निकालात सैनिक आणि नागरिक असा भेद नाही.

पैशाबद्दल थायलंडचे उदाहरण देतो. त्या देशाने २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आणली, तेव्हा प्रत्येक भेटीला तीस बाट एवढेच शुल्क ठेवले होते. परंतु त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी तालुक्यांच्या ठिकाणी रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात काही वर्षे काम करणे बंधनकारक केले होते. कार्ड आले तेव्हा ते दाखवायला जागा तयार होती. तिथेही सरकारी नोकरांची योजना वेगळी राहिली आणि तिचा माणशी खर्च कितीतरी जास्त आहे, त्यामुळे हा वाद त्यांचाही मिटलेला नाही.

निवृत्त_पण_कार्यरत

थोडे अवांतर, पण उपयोगी पडेल. माझ्या वडिलांचे वय ७४ आहे आणि त्यांच्याकडे ईसीएचएसचे कार्ड आहे. सत्तरीवरच्या सर्वांसाठी आलेले आयुष्मान कार्ड त्यांनी काढावे का?

आकडेमोड

सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून ते कार्ड मिळते. पण ईसीएचएस किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) असलेल्यांना दोहोंपैकी एकच निवडावे लागते. ईएसआय किंवा खाजगी विमा असलेल्यांना तशी अट नाही. आपल्या वडिलांना नियमित औषधे लागत असतील तर ईसीएचएस सोडू नका, कारण नव्या कार्डावर दाखल झाल्यावरचे उपचार मिळतात, महिन्याच्या गोळ्या मिळत नाहीत.

हे अवांतर नाही, असेही नमूद करतो. निवडीची वेळ आली की कोणीही जाणकार माणूस सैनिकांची योजना धरून ठेवायला सांगतो, यातच बकुळताईंच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. जे आपण आपल्या वडिलांसाठी निवडतो, तेच सर्वांसाठी मागायला हवे.

रणरागिणी_मालाड

मुलाशी काल फोनवर बोलले. त्याला हा धागा वाचून दाखवला. दर्यावर्दी काकांना त्याने नमस्कार सांगितला आहे, आणि पाठीत उसण भरली होती ती लष्करी डॉक्टरांना दाखवून कागदावर नोंदवून घेतली आहे, असेही सांगायला सांगितले आहे.

दर्यावर्दी

फार चांगले केले. त्याला म्हणावे, प्रत्येक नोंदीची प्रत स्वतःजवळ ठेव. पुढे कधी हक्क सांगायची वेळ आली तर तेच कागद कामी येतील. माझ्या कानाच्या बाबतीत पहिल्या आठ वर्षांची एकही नोंद नव्हती.

बकुळफूल

सर्वांचे मनापासून आभार. इतके विचारपूर्वक प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते.

परवा शनिवारी मी सुटी घेऊन मावशींना आमच्या जवळच्या महापालिका दवाखान्यात घेऊन गेले. सोबत आईही आली, कारण पॉलिक्लिनिकच्या रांगांचा तिला वीस वर्षांचा सराव आहे आणि कुठल्या खिडकीवर आधी जायचे हे तिला न विचारता कळते. केसपेपर काढला, साखर तपासली, ती २८६ निघाली. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मावशींना अर्ध्या गोळीबद्दल रागावले नाही, फक्त किती दिवस असे चालले आहे एवढे विचारले. मधुमेहाची गोळी महिनाभराची मिळाली. रक्तदाबाची त्यांच्याकडे नव्हती, मंगळवारी येईल असे सांगितले आहे. मंगळवारी मावशींना पोळ्यांच्या कामाला जायचे आहे, म्हणून आई त्यांचा केसपेपर घेऊन जाणार आहे. तिच्या हाती गोळ्या देतात की मावशींनाच यायला सांगतात, ते तेव्हा कळेल.